केळ्याचा वास आणि ‘इंजेक्शन’: एक खुलासा

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘एसेन्ससारखा वास येणाऱ्या केळ्याला आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचं इंजेक्शन दिलेलं असतं, फेकून द्या.’ हे खरं नाही. आमच्या शेजारी यापायी डझनभर चांगली केळी कचऱ्यात गेली, म्हणून लिहितोय.

आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, म्हणजे केळ्याला तो वास देणारा पदार्थ, केळं पिकताना स्वतःच तयार करतं. म्हणून तर कच्च्या केळ्याला तो वास नसतो आणि शिकरण करायला आपण सालीवर ठिपके आलेलं केळं निवडतो. एसेन्सच्या बाटलीतही मुख्यतः हेच रसायन असतं. मधमाशी डंख मारते तेव्हाही ते सुटतं आणि बाकीच्या माश्यांना धोक्याची वर्दी मिळते. लॅकरमध्ये (लाकडावर वगैरे द्यायच्या चकचकीत लेपात) द्रावक म्हणूनही ते वापरतात. ‘केमिकल’ची धास्ती बहुधा तिथूनच आली.

काळजी करायचीच तर कॅल्शियम कार्बाइडची करा. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, म्हणून त्याने फळं पिकवण्यावर देशात बंदी आहे. फळं पिकवायला इथिलीन वायूला मात्र १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) परवानगी आहे. बुऱ्हाणपूरकडची केळी हिरवीच उतरवतात आणि नंतर पिकवतात. त्यात वावगं काही नाही.