मायक्रो-एलईडीतला शॉर्ट धुळीच्या माथी मारू नका

मायक्रो-एलईडी डिस्प्लेबद्दल (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देणाऱ्या सूक्ष्म एलईडीचा असतो) एक दावा सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: उत्पादनात शॉर्ट (वीज नको त्या वाटेने जाणं) होतात ते धुळीमुळे; क्लीन रूम (हवेतली धूळ गाळलेली खोली) कडक ठेवली आणि इन्सुलेशनचा थर जाड दिला की प्रश्न मिटला; तरी एखादा शॉर्ट राहिलाच तर एक ठिपका काळा पडतो, आणि तो शेवटच्या तपासणीत सापडतो. ऐकायला पटतं. पण यावर विसंबून एखादा नवा इंजिनिअर कामाला लागला तर महिनोन्‌महिने चुकीच्या जागी शोधत बसेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

हायब्रिड पद्धतीत प्रकाश देणारा भाग गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाचा असतो, बहुधा सफायरच्या वेफरवर (पातळ चकतीवर) वाढवलेला. त्याला चालवणारं सर्किट सिलिकॉनवर असतं. दोन्ही वेगवेगळे बनवून समोरासमोर जोडतात, आणि प्रत्येक पिक्सेलमागे धातूचा एक बारीक सांधा असतो.

‘शॉर्ट धुळीमुळे होतो.’ धूळ वाईटच. पण हवेतून येणारा बहुतेक कण वीज वाहून नेत नाही. तो दोन तुकड्यांमध्ये अडकला की त्यांना नीट टेकू देत नाही, आणि त्याच्या भोवतालचे सांधे अधांतरी राहतात. म्हणजे धुळीने आधी होतं ते ओपन, म्हणजे तुटलेली जोडणी. शॉर्ट करणारा कण धातूचा असतो, आणि तो बऱ्याचदा प्रक्रियेतच तयार होतो: एचिंग (नको असलेला भाग कोरून काढणं) करताना उडालेला धातू पुन्हा चिपच्या कडेवर बसतो. क्लीन रूम कितीही स्वच्छ असली तरी हा कण थांबत नाही.

खरी गोम सांध्यात आहे. एसएमटी लाइनवर (सर्किट बोर्डावर भाग सोल्डरने बसवतात तिथे) काम केलेल्याला सोल्डरचा ‘ब्रिज’, म्हणजे शेजारचे दोन सांधे चिकटणं, नवा नाही. इथे तोच ब्रिज काही मायक्रोमीटरांत होतो. इंडियम धातूचा बंप, म्हणजे सांध्यासाठीचा बारीक उंचवटा, घ्या. ५ मायक्रोमीटर व्यास, ४ मायक्रोमीटर उंची, दोन पिक्सेलच्या मध्यांमधलं अंतर १० मायक्रोमीटर. पेढा अंगठ्याने दाबला की कडेने पसरतो, तसाच हा मऊ धातू पसरतो. उंची निम्मी झाली की व्यास साधारण ७ होतो, कारण धातू तेवढाच राहतो. शेजारचा पॅडही (बंप ज्यावर टेकतो ती धातूची जागा) ७ चा धरला तर मध्ये उरले ३ मायक्रोमीटर.

आता त्यात उष्णता आणा. इंडियम १५७ अंशांच्या आसपास वितळतं. सफायर तापल्यावर सिलिकॉनपेक्षा जास्त पसरतं. फरक दर अंशाला दशलक्षात सुमारे ४ भाग. १० मिलिमीटर रुंद चिप १३० अंशांनी तापवली की मध्यापासून कडेपर्यंतच्या ५ मिलिमीटरांत हा फरक २.६ मायक्रोमीटरांवर जातो. उरलेल्या ३ मधून एवढं सरकणं वजा झालं की कडेचा बंप शेजारच्या पॅडला जवळजवळ टेकतोच, आणि यंत्राची मांडणीतली चूक तर अजून मोजलेलीच नाही. या हिशेबात धूळ कुठेच आली नाही.

म्हणूनच उपाय झाडूत नाही, रचनेत आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सीईए-लेती या संस्थेने १० मायक्रोमीटर अंतराच्या डिस्प्लेंसाठी बंप दाबून पसरवण्याऐवजी धातूच्या कडक सूक्ष्म नळ्या मऊ पॅडमध्ये रोवण्याची वाट धरली. दुसरी वाट तांबं आणि ऑक्साइडचे पृष्ठभाग आरशासारखे घासून थेट चिकटवण्याची. तांबं ऑक्साइडच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवतात, त्यामुळे ते बाहेर पसरायला जागाच उरत नाही. तिसरी वाट म्हणजे गॅलियम नायट्राइड सिलिकॉनवरच वाढवणं, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच प्रसरण पावतात.

‘इन्सुलेशन जाड द्या.’ जाडीपेक्षा थर सगळीकडे बसतो की नाही हे महत्त्वाचं. नेहमीच्या प्लाझ्मा पद्धतीचा थर सपाट भागावर जाड आणि पिक्सेलच्या उभ्या भिंतीवर पातळ बसतो. गळती नेमकी तिथेच सुरू होते. शिवाय प्लाझ्मा एचिंगने ती भिंत आधीच जखमी झालेली असते. आधी रसायनाने तो खराब थर काढायचा, मग अणूंचा एकेक थर चढवणाऱ्या एएलडी पद्धतीने ॲल्युमिनियम ऑक्साइड द्यायचं. काही दहा नॅनोमीटरही खूप काम करतात.

‘एकच ठिपका काळा पडतो.’ ॲक्टिव्ह मॅट्रिक्समध्ये (प्रत्येक पिक्सेलला स्वतःचं सर्किट) पिक्सेलच्या आतला शॉर्ट बहुधा तेवढ्यापुरता राहतो, हे खरं. पण पॅसिव्ह मॅट्रिक्समध्ये (अख्ख्या ओळीला एकच तार) एक शॉर्ट अख्खी ओळ बिघडवू शकतो, आणि दोन बंप चिकटले तर दोन्ही पिक्सेल एकमेकांच्या सिग्नलवर नाचतात. संख्याही बघा. ४के पडद्यात २,४८,८३,२०० उप-पिक्सेल असतात. ९९.९९ टक्के नीट निघाले तरी जवळपास २,५०० खराब उरतात.

‘तपासणीत सापडतो.’ सांधा जोडण्याआधी प्रकाश टाकून चिप उजळते का हे पाहणाऱ्या चाचणीला सांध्यातला शॉर्ट दिसणार कसा? जोडल्यानंतरही भरपूर करंट देऊन तपासलं तर हलकी गळती लपते: थोडा करंट गळतो, उरलेल्यात पिक्सेल छान पेटतो. करंट अगदी कमी केला की सगळाच गळतीच्या वाटेने जातो, आणि अंधाऱ्या दृश्यात तोच ठिपका विझलेला राहतो. गळती शोधायची तर कमी करंट आणि उलटा व्होल्टेज देऊनच मोजायला हवी, आणि जिथे जमेल तिथे एलईडीचा वेफर व सिलिकॉनचं सर्किट जोडण्याआधी वेगवेगळे तपासायला हवेत. एकदा मधल्या फटीत अंडरफिल (चिकट राळ) भरून घट्ट झालं की ते दोन भाग सुटे करता येत नाहीत.