दहापैकी किती?

आज सकाळी पुन्हा तोच प्रश्न. "शून्य ते दहामध्ये सांगा, किती दुखतंय?" मी म्हटलं, सात. डॉक्टरांनी पेन थांबवलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "सात असतं तर तुम्ही अशा बसून बोलला नसता." केसपेपरवर चार लिहिलं. दुखणं माझं, आकडा त्यांचा! मग विचारलंत कशाला?

बसून बोलत होते, कारण मागे एकदा दुसऱ्या दवाखान्यात रडले होते, तेव्हा "टेन्शन फार घेता तुम्ही" म्हणून परत पाठवलं होतं. रडलं तर मनाचा आजार, नाही रडलं तर किरकोळ. कसं बसायचं असतं सातवाल्यांनी?

वर म्हणे, "बाळंतपणाच्या कळा दहा धरा, त्या मानाने?" अहो, त्या कळा यायच्या, ओसरायच्या, आणि बाळ झालं की संपणार हे ठाऊक होतं. ही तिडीक कमरेतून निघते ती थेट पोटरीत उतरते. रात्री दोनला कूस बदलली की सणक, दिवसभर मांडीत ठसठस, पायाच्या अंगठ्याला मुंग्या. यातल्या नेमक्या कशाला आकडा देऊ? ठणका वेगळा, चमक वेगळी, उसण वेगळी, रग वेगळी. तिडीक म्हटल्यावर नस दबलीय का हे बघायला नको? मी एवढं सगळं सांगितलं आणि कागदावर उतरलं काय, तर 'Pain, चार'.

१९४० च्या सुमाराला कपाळावर दिव्याची उष्णता पाडून वेदना मोजायचं यंत्रसुद्धा काढलं होतं, 'डोल' नावाचं एकक ठरवलं होतं. नाही टिकलं ते. रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावून प्रश्नावली केली, ती शब्दांचीच! वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारली, तेव्हा स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा. मान राहू दे, निदान सांगितलेला आकडा तरी खोडू नका!

आणि भिंतीवरची ती हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टी! लहान मुलांसाठी काढलेली ती. मला बोलता येतं. माझं वाक्य पुरं होऊ द्या.

पाच दिवसांच्या गोळ्या दिल्यात. "फरक पडला नाही तर या." कशात फरक, माझ्या सातात की तुमच्या चारात?