शिंपी मुघलांबरोबर आले नाहीत

परवा अंगरख्यांची मापं द्यायला आमच्या शिंपीकाकांकडे गेले, तर त्यांनी मशीन थांबवलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "पोरी, हे वाच आणि खरं काय ते सांग." नातवाने पाठवलेला मेसेज होता. काकांचं घराणं नामदेव शिंप्यांचं. शिवराज्याभिषेकाला आमचं पथक रायगडावर जातं, त्याचे कपडे गेली नऊ वर्षं काकाच शिवतात. त्यांचा चेहरा पाहून मला आधी वाईट वाटलं, मग संताप आला.

मेसेज थोडक्यात असा: पूर्वी भारतात कोणी कपडे शिवतच नव्हतं. सुई आणि शिंपीकाम मुघलांनी आणलं. महाराज आणि मावळे फक्त धोतर-उपरणं वापरत, त्यामुळे गडावर अंगरखा घालणं म्हणजे मुघलांची नक्कल. खरा मावळा भगव्यातच असतो. नऊवारी घोड्यावर बसून लढता यावं म्हणून निघाली. हे वाचून पथकातल्या दोन मुलांनी "आमचे अंगरखे नकोत" असं कळवलंसुद्धा. कापड कापून झालेलं होतं.

सुईपासूनच बोलू. बाबर पानिपतला जिंकला १५२६ मध्ये. सिंधू संस्कृतीच्या उत्खननात तांब्याच्या सुया मिळाल्या आहेत, त्या त्याच्या हजारो वर्षं आधीच्या. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात राका देवतेला विनवलं आहे की, न तुटणाऱ्या सुईने तिने हे काम शिवावं. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात विणकरापाठोपाठ लगेच शिंप्याचे शब्द येतात: तुन्नवाय, सौचिक. धंदाच नसता तर त्याला दोन-दोन नावं कशाला लागली असती? आपलं 'शिवणं' हे क्रियापदसुद्धा संस्कृत 'सीव्' वरून आलंय.

पण मला सगळ्यात जास्त झोंबलं ते शिंप्यांबद्दलचं वाक्य. हा मेसेज एका अख्ख्या समाजाला सांगतो की, तुमचा धंदा परक्यांनी दिला. आणि सांगतो कोणाला, तर नामदेवांच्या माणसांना! संत नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. बाबर हिंदुस्थानात यायला तेव्हा पावणेदोनशे वर्षं बाकी होती. त्यांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांतल्या एका पदात ते म्हणतात, मन माझा मापाचा गज, जीभ माझी कात्री, मापून मापून यमाचा फास कापतो. आणि पुढे: "सुइने की सूई रुपे का धागा, नामे का चितु हरि सउ लागा." सोन्याची सुई, रुप्याचा दोरा. मी हे काकांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग सुई लागू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "परत वाच."

आता महाराजांच्या पोशाखाबद्दल. इथे एकच पुरावा पुरतो. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला बखर लिहिली. अफजलखानाच्या भेटीला निघताना शिवाजी महाराजांनी काय घातलं ते तिच्यात आहे: अंगात जरीची कुडती, डोक्याला मंदील, पायात चोळणा, म्हणजे विजार. मंदील म्हणजे पागोटं, ते बांधायचं असतं. कुडती आणि चोळणा मात्र शिवल्याशिवाय होतच नाहीत. महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस हे लिहितो, आणि आपण नाव नसलेल्या मेसेजवर विश्वास ठेवायचा?

अर्धं सत्य मात्र मान्य करावं लागेल. जामा (घेरदार अंगरखा), पायजमा हे शब्द फारसी आहेत, दख्खनच्या दरबारी पोशाखावर फारसी वळण होतं, आणि काकांच्या बोटातल्या अंगुस्तानाचं नावही फारसीच. धोतर, लुगडं, शेला, पागोटं हे रोजचे कपडे बिनशिवणीचे होते, हेही खरं. सोवळ्यात शिवलेलं चालत नाही. बहुधा त्यावरूनच 'आपलं म्हणजे न शिवलेलं' हा समज पसरला असावा. पण सोवळं देवघरात नेसतात. घाट चढणारा, तलवार चालवणारा माणूस दिवसभर सोवळ्यात नसतो. शिवाय त्या काळात एकाच घाटाचा जामा दोघेही घालत, पण हिंदू तो डाव्या बाजूला बांधत आणि मुसलमान उजव्या. म्हणजे कपडा सारखा असूनही ओळख पुसली जात नव्हती. म्हणूनच आमच्या प्रत्येक अंगरख्याचे बंद कोणत्या बाजूला आहेत, हे मी स्वतः तपासते.

भगव्याबद्दल फार लिहीत नाही. झेंडा भगवा होता. कपड्यांना नीळ होती, मंजिष्ठ होती, हळद होती, आणि गरिबाच्या अंगावर न रंगवलेलं जाडंभरडं सुती. नऊवारीचं म्हणाल तर कोळीवाड्यात आणि भाताच्या खाचरात बायका काष्टा घालूनच वावरायच्या. काष्टा घोड्यावरही सोयीचा, पण त्यासाठी तो निघाला म्हणणं हे त्या कष्टकरी बायकांना विसरणं आहे.

ज्या दोन मुलांनी नकार कळवला, त्यांना मी काकांच्या दुकानात बोलावलं. काकांनी कापलेला अंगरखा त्यांच्यासमोर पसरला. छातीचे सरळ पट्टे, खाली घेरासाठी कळ्या, आणि काखेत तळहाताएवढा चौकोनी तुकडा. तो तुकडा तिरपा बसतो. काकांनी एकाला कच्च्या टाक्यांवरच अंगरखा चढवला आणि हात वर करायला लावला. कंबरेपाशी कापड तसूभरही वर सरकलं नाही. दुसऱ्याला त्याच्याच अंगातला तयार शर्ट घालून तेच करायला सांगितलं, तर शर्ट पँटच्या बाहेर आला. दांडपट्टा फिरवणाऱ्याला हा फरक शब्दांत समजवावा लागत नाही.

दोघांनी आपापले अंगरखे परत मागितले. रविवारी बंद लावायचे आहेत, सगळे डावीकडे.