भरतीच्या वेळी उभं राहायला जागा

नेरुळला राहणाऱ्या माझ्या आतेभावाचं म्हणणं सरळ आहे. फ्लेमिंगोंना ठाण्याची अख्खी खाडी दिली, 2015 मध्ये अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, शिक्काही बसला. मग आता नेरुळच्या डीपीएस शाळेजवळच्या, भराव घालावा की वाचवावं असा वाद असलेल्या तळ्यावर त्यांचा हक्क कसला? वर टोमणा: "तुला काय, युरोपात बसून बोलायचं. इथे घर घेऊन दाखव." टोमणा मुकाट घेतो. पुढच्या वेळी मीही नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरच उतरणार आहे, आणि तो कशाकशावर भराव घालून उभा राहिला हे मला माहीत आहे.

पण मुद्दा चुकीचा आहे, आणि तो मला नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला, ग्रोनिंगेनमध्ये राहायला आल्यावर कळला. इथून जवळच वाडन समुद्र आहे. दिवसातून दोनदा ओहोटी लागते, मैलोन् मैल चिखल उघडा पडतो आणि त्यातले शिंपले, किडे टिपायला लाखो पाखरं उतरतात. सैबेरियाकडून आफ्रिकेकडे जाणारी कित्येक जण इथेच चरबी साठवतात. मग भरती येते, ताट पाण्याखाली जातं. पुढचे काही तास पाखरांना उथळ, उघडी, माणसाचा नि कुत्र्याचा वावर नसलेली जागा लागते, आणि तीही जवळच. सतत उठवलं, लांब उडायला लावलं, तर खाल्लेलं सगळं उडण्यातच खर्ची पडतं.

म्हणून इथे भरतीच्या वेळचे आसरे नकाशावर असतात आणि तिथे फिरायला मनाई असते. ग्रीण्ड नावाचं चिमुकलं निर्जन बेट 1916 पासून एक निसर्गसंस्था सांभाळते. लाटांनी ते झिजायला लागलं तेव्हा 2016 मध्ये वाळू आणून टाकली. पाखरांना टेकायला जागा राहावी म्हणून बेट दुरुस्त केलं!

आता ठाण्याची खाडी बघा. भरतीला अभयारण्यातला चिखल बुडतो, काठाला दाट खारफुटी. फ्लेमिंगोचे पाय लांब असले तरी तो खारफुटीत उभा राहत नाही. तो जातो डीपीएस तळ्यावर, सीवूड्सच्या एनआरआय संकुलामागे, भांडुपच्या उदंचन केंद्राकडे (पंपिंग स्टेशन). उरणच्या पाणजेलाही पाणपाखरांची अशीच गर्दी असायची. सोडतीत घर मिळालं, पण संडास शेजारच्या इमारतीत, आणि ती इमारत पाडायची आहे, असं कुणी आतेभावाला सांगितलं तर तो काय म्हणेल? तळं गेलं तर अभयारण्यही अर्धंच उरतं.

2024 च्या उन्हाळ्यात डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या आणि तळं सुकलं. त्याच मे महिन्यात रात्रीच्या वेळी घाटकोपरवर एक थवा विमानाला धडकला, चाळीसेक फ्लेमिंगो मेले. त्या दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही यावर भांडण झालं. मी तो संबंध ठामपणे लावणार नाही. मात्र पाखरांची बसायची जागा काढून घेतली की ती हवेत जास्त वेळ राहतात, एवढं समजायला पक्षितज्ज्ञ लागत नाही.

दुसरा युक्तिवाद नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या बाजूने येतो: हे तळं नैसर्गिक नाहीच. नसेल. नांदूर मधमेश्वर तरी कुठे नैसर्गिक आहे? गोदावरीवरच्या ब्रिटिशकालीन बंधाऱ्यामागे गाळ साचला, पाखरं आली आणि महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ झालं. इथली ओस्टफार्डर्सप्लासन ही पाणथळ तर त्याहून मजेशीर. 1968 मध्ये समुद्र हटवून जमीन काढली, तिथे कारखाने यायचे होते. एक सखल कोपरा ओला राहिला, हजारो हंस-बदकं पिसं झाडायला उतरली, आणि रेल्वेमार्ग सरळ न नेता त्याला वळसा घालून नेला. पाखरू जमिनीचा सातबारा बघत नाही.

डच लोक संत आहेत असं मात्र कुणी समजू नये. वाडन समुद्रातली यांत्रिक शिंपलेमारी 2005 मध्ये थांबली, ती आधीच्या वर्षी युरोपीय न्यायालयाने ठणकावल्यानंतर: नुकसान होणार नाही याबद्दल वाजवी शंका उरली नसेल तरच परवाना द्या. शिंपलेमारी थांबवण्याच्या त्याच सरकारी सौद्यात समुद्राखालचा गॅस काढायला मोकळीक मिळाली, आणि वाडनसाठीचा 80 कोटी युरोंचा निधी त्याच गॅसच्या पैशातून आला. ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाभोवतीचे रानहंस गॅस देऊन मारतात. ग्रुट्टो हा लांब चोचीचा पाणपक्षी इथला राष्ट्रीय पक्षी, पण गवत लवकर कापण्याच्या हव्यासापायी त्याची पिल्लं कुरणांतच मरतात. तरीही लिस्बनजवळ टॅगस नदीच्या मुखाशी, माँटिझोला विमानतळ करायचं ठरलं, तेव्हा इथले लोक पोर्तुगाल सरकारला जाब विचारायला निघाले, कारण ग्रुट्टो वाटेत तिथे थांबतो. 2024 मध्ये पोर्तुगालने दुसरी जागा निवडली. एकट्या पाखरांमुळे नव्हे, पण त्यांचाही विचार झाला.

त्या न्यायालयाच्या वाक्यात मला आपल्याकडच्या वादाचं उत्तर दिसतं. आपल्याकडे तळं वाचवणाऱ्याला सिद्ध करावं लागतं की पाखरं मरतील. भराव घालणाऱ्याला काहीच सिद्ध करावं लागत नाही. हे उलटं हवं. खर्च कुणी सोसायचा हाही प्रश्न आहेच. इथे शिंपलेवाल्यांना भरपाई मिळाली. उरणच्या मच्छीमारांनाही ती मिळायला हवी, कारण पाणजेत भरतीचं पाणी अडलं तेव्हा पाखरांच्या आधी त्यांचीच जाळी रिकामी झाली.

2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तळ्याची 30 एकर जागा संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. आतेभावाने बातमी पाठवली, खाली हसरा चेहरा, म्हणजे तू जिंकलास. मी त्याला विचारलं, भरतीचं पाणी आत येणाऱ्या वाटा साफ ठेवायचं काम कुणाकडे आहे? तो म्हणाला, पालिकेत चौकशी करून सांगतो.