स्कॅनर घरात आहे, पण घरी नाही

आमच्या घरचा प्रिंटर छापतो, याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही. लाइटबिल छापतो, धाकट्याचे प्रोजेक्ट छापतो, पूजेच्या सामानाची यादी छापतो, आणि तेही लॅपटॉपला वायर न लावता, हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावरून. लॅपटॉपवर विंडोज नसून लिनक्स आहे म्हटल्यावर दुकानदारानं प्रिंटर विकताना माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं होतं. पण छपाईत आजवर खोट निघाली नाही. प्रश्न त्याच यंत्राच्या वरच्या मजल्याचा आहे. तिथं एक झाकण आहे, झाकणाखाली काच आहे, आणि त्या काचेवर ठेवलेला कागद तेवढा लॅपटॉपमध्ये आणायचा होता.

काम तात्यांनी आणलं: जुने कागद स्कॅन करून एका ऑनलाइन अर्जाला जोडायचे. तात्या म्हणजे माझे चुलते, मुक्काम सेलू तालुका. 2023 साली निजामकाळातल्या नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हापासून मराठवाड्यात जुन्या कागदांचा भाव असा वधारलाय की, ज्या ट्रंका माळ्यावर उंदरांच्या हवाली होत्या, त्या आता देवघराशेजारी येऊन बसल्यात. तात्यांच्या पिशवीत 1954 चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, होतं, दोन-चार पाहणीपत्रकं होती आणि एक वाटणीपत्र. खासरा पत्रक चार घड्यांचं. घडीच्या रेषेवर कागद चिरलेला, त्याला मागून कुणीतरी कधीकाळी चिकटपट्टी लावलेली, ती पट्टी पिवळी पडून खापरासारखी कडक झालेली. शाई तपकिरी, शिक्का जांभळा, आणि एका कोपऱ्यात झुरळानं घेतलेला आपला वाटा.

आता हे परभणीत, मे महिन्यात. बाहेर पारा त्रेचाळीसच्या वर. कूलर लावला की खासरा पत्रक उठून चालायला लागायचं, म्हणून कूलर बंद. पंखाही बंद. मी, तात्या, बायको, सुट्टीला आलेला भाचा, असे चौघंजण घामाघूम होऊन एका काचेकडे बघत बसलेलो.

लॅपटॉपवर स्कॅनिंगचा प्रोग्राम उघडला. त्यानं शांतपणे सांगितलं, स्कॅनर सापडला नाही.

आता असं आहे, की तो स्कॅनर माझ्या डाव्या हाताला होता. मी त्याच्यावर कोपर टेकवून बसलो होतो.

मग टर्मिनल उघडलं, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी. लिनक्सवाल्या माणसाला टर्मिनल उघडलं की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. उरलेलं निम्मं मग रात्री दोनपर्यंत चालतं. स्कॅनर शोधायचा हुकूम आहे 'स्कॅनइमेज', त्यापुढं एक आडवी रेघ आणि कॅपिटल एल. हुकूम दिला. थोडा वेळ काही नाही, आणि मग उत्तर आलं: एक यंत्र सापडलं. चौघांचेही चेहरे फुलले. वाचून बघतो तर, 'नोनेम इंटिग्रेटेड कॅमेरा, व्हर्च्युअल डिव्हाइस'. म्हणजे लॅपटॉपच्या कपाळावरचा कॅमेरा. तीन फुटांवरचा स्कॅनर त्याला दिसला नव्हता, स्वतःचा डोळा तेवढा सापडला होता. लिनक्समध्ये असं होतं. कॅमेऱ्यालाही स्कॅनर मानायची सोय कुणीतरी मोठ्या मनानं करून ठेवली आहे.

"बघा मामा, त्यालाबी तेच म्हणायचंय," भाचा म्हणाला, "फोटो काढा."

मोबाइलवर फोटो काढा, हा सल्ला मला सकाळपासून घरातल्या प्रत्येकानं दिला होता. काढून पाहिलाही होता. वर तात्यांच्या टोपीची सावली, खाली भाच्याचा अंगठा, आणि चिकटपट्टीवर ट्यूबलाइट चमकल्यानं नेमका सर्व्हे नंबर गायब. शिवाय अर्जात स्पष्ट लिहिलेलं, स्कॅन केलेली प्रत जोडावी. कॅमस्कॅनर नावाचं एक ॲप पूर्वी सगळ्यांच्या मोबाइलात असायचं, त्यावर सरकारनं 2020 च्या जूनमध्ये बंदी आणली. तात्यांना बंदी माहीत होती. "म्हंजे ते कामाचं असणार," एवढंच ते म्हणाले.

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. "अहो, स्टेशन रोडला दहा रुपयांत करून देतात." हे वाक्य तिनं एकदाच उच्चारलं, पण त्यानंतर दर तासाला ती हॉलमध्ये येऊन नुसतीच उभी राहायची.

आणि खरी कोंडी तात्यांनी केली. त्यांनी यंत्रावरचं एक बटण सहज दाबलं. आतून हिरवा-पांढरा उजेड सरकला, खालून कागद सरकला, आणि वाटणीपत्राची स्वच्छ झेरॉक्स बाहेर आली.

"झेरॉक्स तर निघायलीय! मंग तू काय करायलास इतक्या येळचा?"

याचं उत्तर मी तात्यांना दिलं, पण ते मी तुम्हालाच नीट देतो, कारण त्यांनी ते मध्येच सोडून पाणी मागितलं. यंत्र एक असलं तरी लिनक्सच्या लेखी ते वाटणी झालेल्या वाड्यासारखं आहे: धाकटा खालच्या सोप्यात, थोरला माडीवर, चुली वेगळ्या. छपाईचा कारभार कप्स नावाच्या व्यवस्थेकडे, स्कॅनिंगचा सेन नावाच्या व्यवस्थेकडे. कप्सला प्रिंटरचा पत्ता माहीत असला म्हणून तो सेनला सांगेल असं नाही. दोघांचं बोलणंच नाही. बाहेरचा माणूस आला की दोन दारं, दोन विचारपूस. मात्र आतल्या आत, झेरॉक्सचं बटण दाबलं की थोरला बघतो आणि धाकटा छापतो. लॅपटॉपनं मध्ये तोंड घालायचं कारणच नाही.

यात विशेष म्हणजे लिनक्स ज्यात मोडतं तो हा सगळा मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही बघता-बदलता येतो त्याचा, संसारच मुळात एका प्रिंटरच्या वैतागातून उभा राहिलाय. 1980 च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी सोय केलेली होती की, कागद अडकला की वाट बघणाऱ्या सगळ्यांना आपोआप निरोप जायचा. नव्या प्रिंटरमध्ये ती करायची तर त्याचा मूळ कोड हवा, आणि तो त्यांना मिळेना. ही सल मनात राहिली. 1983 मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स आणलं, आणि आज जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात. प्रिंटरचं गाऱ्हाणं जगानं एवढं मनावर घेतलं. त्या माणसाला तेव्हा कागद स्कॅन करायचा असता तर माझी दुपार वाचली असती.

तर मी कंपनीच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे यंत्राशी बोलायला लॅपटॉपला लागणाऱ्या प्रोग्रामकडे, वळलो. त्याबद्दल फार लिहीत नाही. लिनक्ससाठीचा ड्रायव्हर होता, तो अशा पानावर होता की जिथं पोचायला आधी आपण लिनक्स वापरत नाही असं कबूल करावं लागतं. उतरवला, बसवला, त्यानं 32 बिटांच्या जुन्या फायली मागितल्या, त्या दिल्या, मग त्यानं सांगितलं की काम यशस्वी झालं. प्रोग्राम उघडला. स्कॅनर सापडला नाही.

आमच्याकडे एक म्हण आहे, बनी तो बनी, नहीं तो परभणी. बाहेरगावचे लोक ती आम्हाला हसत ऐकवतात. पण ज्यानं परभणीत राहून लिनक्सवर स्कॅनर लावला त्याला पुढं जायला दुसरं परभणी नाही. त्याला बनवूनच उठावं लागतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर डोकं जरा थंड झालं आणि मी स्कॅनर सोडून वायफायच्या राऊटरकडे बघायला लागलो. नव्या यंत्रांना खरं म्हणजे ड्रायव्हरची गरजच नसते. ती नेटवर्कवर आपणहून ओरडून सांगतात, मी अमुक, मला छापता येतं, मला स्कॅन करता येतं. हे ओरडणं 224.0.0.251 या ठरलेल्या पत्त्यावर होतं आणि ज्याला ऐकायचं तो तिथं कान लावून बसतो. लॅपटॉप कान लावून बसलेला होता. पण आमचा राऊटर दोन लहरींवर चालतो. प्रिंटरला फक्त 2.4 गिगाहर्ट्झ कळते, लॅपटॉप 5 वर होता, आणि राऊटर इकडचं ओरडणं तिकडं जाऊ देत नव्हता. नेमक्या पत्त्यावर पाठवलेलं पाकीट तो निमूट पोचवतो. सगळ्यांसाठी दिलेली आरोळी गिळतो. प्रिंटर लावताना कप्सला थेट पत्ता दिलेला, म्हणून छपाई चालू. सेन बिचारा आरोळीची वाट बघत बसलेला.

खात्री करायची एक साधी युक्ती आहे, आणि त्या दिवसात मला खरा आनंद झाला तो याच जागी. या स्कॅनरांची एक भाषा आहे, ईएससीएल म्हणतात. ती साध्या ब्राउझरमधूनही बोलता येते. ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकला, पुढं तिरकी रेघ देऊन ईएससीएल, परत तिरकी रेघ, आणि स्कॅनरस्टेटस. पडद्यावर कंसांच्या जंजाळात एक शब्द उमटला: आयडल. रिकामाच बसलाय! सकाळपासून आम्ही चौघं त्याच्यासाठी घाम गाळतोय, आणि तो म्हणतोय मला कुणी काही सांगितलंच नाही.

मग त्याला कुंडलीही विचारली. स्कॅनरकेपेबिलिटीज. मापं तो इंचाच्या तीनशेव्या भागात सांगतो: रुंदी जास्तीत जास्त 2550, उंची 3508. म्हणजे साडेआठ इंच रुंद आणि ए-फोर एवढा लांब. मी तात्यांच्या खासरा पत्रकाकडे बघितलं. ते ए-फोरपेक्षा चांगलं चार बोटं लांब होतं. 1954 साली पटवाऱ्याच्या कागदाला ए-फोरचं बंधन नव्हतं. पण ते तात्यांना आत्ताच सांगायचं नाही असं मी ठरवलं.

एअरस्कॅन नावाचा एक ड्रायव्हर लिनक्समध्ये असतो, कंपनी कोणतीही असो, ईएससीएल बोलणाऱ्या स्कॅनरशी तो बोलतो. त्याच्या कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या, फाइलमध्ये 'डिव्हाइसेस' या मथळ्याखाली एक ओळ लिहायची: यंत्राचं नाव, बरोबरचं चिन्ह, पत्ता. नाव काहीही चालतं. मी 'तात्या' ठेवलं. फाइल जतन केली, हुकूम दिला, आणि यादीत कॅमेऱ्याच्या वर दिमाखात तात्या.

"तात्या सापडले," मी ओरडलो.

"मी कुठं गेलतो?" तात्या म्हणाले.

खासरा पत्रकाचा वरचा भाग काचेवर ठेवला. झाकण लावायचं नाही, कारण चिकटपट्टी मोडेल. तात्यांनी वरून वही धरली. स्कॅन दाबलं. उजेड सरकला. पडद्यावर वरून खाली कागद उमटायला लागला, आधी शिक्का, मग तपकिरी ओळी, मग सर्व्हे नंबर, आणि लाइट गेली.

लॅपटॉप चालू. राऊटर बंद. प्रिंटर बंद. अर्धं शेत आत, अर्धं बाहेर.

लाइट तासाभरानं आली. राऊटर उठला आणि त्यानं उठल्याउठल्या सगळ्यांना नवे पत्ते वाटले. प्रिंटरचा शेवटचा आकडा सकाळी 7 होता, आता 4. सातवर बायकोचा मोबाइल. माझा लॅपटॉप आता तिच्या मोबाइलला स्कॅन करायला सांगत होता, आणि छपाईसुद्धा बंद पडली. म्हणजे दोन्ही भावांनी एकदाच दार लावलं. बायको तेव्हा हॉलमध्येच उभी होती. काही बोलली नाही.

राऊटरच्या आत जाऊन प्रिंटरच्या नावावर सात नंबर कायमचा राखून ठेवला. हे राखीव ठेवायचं पान राऊटरमध्ये असं तळाशी असतं की तिथं जाईपर्यंत माणूस दोनदा पासवर्ड विसरतो. प्रिंटर बंद करून चालू केला, तात्या पुन्हा यादीत. खासरा पत्रक दोन तुकड्यांत स्कॅन केलं, जोडलं, जोडाची रेघ घडीच्या रेषेवर आणली, म्हणजे कुणाला शंका नको.

300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, रंगीत ए-फोर म्हणजे 2480 गुणिले 3508 ठिपके, दर ठिपक्याला तीन बाइट, एकूण जवळपास 26 एमबी, आणि आमचे तर दोन तुकडे. अर्जाच्या पानावर अट: फाइल 500 केबीच्या आत. काळं-करडं केलं, डीपीआय निम्मं केलं, जेपेग दाबून दाबून बसवलं. शिक्का जांभळ्याचा राखाडी झाला, झुरळानं खाल्लेला कोपरा मात्र स्पष्ट आला. अर्ज स्वीकारला गेला.

कूलर लावला. तात्यांनी कागद घडी घालून पिशवीत ठेवले, दुसरी पिशवी उघडली आणि त्यातून एक लांबुळका बस्ता काढला.

"हे सासुरवाडीचं हाय. निजामाच्या टायमाचं, समदं उर्दूत. ह्या मशीनला उर्दू येतंय का रे?"