धोका टळल्याचा भोंगा

परवा शाळेच्या ग्रुपवर एका मैत्रिणीने लिहिलं, 'मी बातम्या बघणं सोडलंय गं, घरात इतकं शांत वाटतं म्हणून सांगू!' खाली पटापट वीसेक बदाम पडले. मीही एक टाकला. पण ते वाक्य दिवसभर दाताखाली खडा आल्यासारखं टोचत राहिलं, कारण २०२५ च्या मे महिन्यातला, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांतला, आमच्या घरातला एक आठवडा आठवला. लिहू की नको करत इतके दिवस राहून गेलं होतं. आज लिहितेच. मोठं आहे, चहा घेऊन बसा.

८ मे, गुरुवार. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. चिरंजीव सुट्टीवर, सोफ्यावर लोळून धरमशालाची पंजाब-दिल्ली मॅच बघत होते. मी ओट्याशी. दुसऱ्या दिवशीच्या डब्यातल्या उसळीसाठी हरभरे कुकरला लावले होते, पाच शिट्ट्यांवर बंद करायचे. तेवढ्यात मॅच थांबली. दहा षटकं आणि एक चेंडू झाला होता, आणि मैदानावरचे दिवे जायला लागले. आधी वाटलं, लाइट गेले असतील, तिकडेही जातातच की. मग प्रेक्षकांना बाहेर काढायला लागले, तसं नवऱ्याने मुलाच्या हातातला रिमोट घेतला आणि बातम्या लावल्या.

तिथे भोंगा वाजत होता.

पडद्यावर लाल पट्ट्या, विमानांची कार्टून छाप चित्रं, आणि मागे अखंड तो भोंगा. कराची बंदर उद्ध्वस्त झालं म्हणून सांगत होते. दुसऱ्या चॅनलवर त्याहून पुढची मजल. (यातलं बरंचसं खोटं होतं हे पुढच्या दोन दिवसांत कळलं. कुणी 'चुकलं' म्हणालं, बहुतेकांनी तेही कष्ट घेतले नाहीत.) मी दोन शिट्ट्या मोजल्या होत्या. तिसरी झाली की तो भोंगाच होता, कळेना. 'अरे, जरा आवाज कमी कर रे' म्हणून दोनदा ओरडले, पण त्या गदारोळात माझा आवाज कुणाला ऐकू जातोय! हरभऱ्यांचं पिठलं झालं.

या सगळ्यात सासूबाई मात्र खुर्चीत ताठ बसून होत्या. टीव्हीकडे बघत नव्हत्या, ऐकत होत्या. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, 'अगं, दुसरा कधी वाजणार?'

'दुसरा काय, आई?'

'दुसरा भोंगा. हा वरखाली होतोय ना, हा धोक्याचा. धोका टळला की सरळ वाजतो, एका सुरात. तो वाजल्याशिवाय उठायचं नसतं.'

सासूबाई गिरगावातल्या चाळीत वाढल्या. १९७१ च्या डिसेंबरात त्या बारा वर्षांच्या होत्या. मुंबईत तेव्हा टीव्ही नव्हताच, दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यामुळे युद्ध त्यांच्या घरात आलं ते खिडक्यांच्या काचांवर. आईने कणकेची खळ करून दिली आणि भावंडांनी मिळून सगळ्या तावदानांना काळे कागद चिकटवले. मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असायचा. संध्याकाळ झाली की चाळीत काळोख, आणि कुणाच्या दाराच्या फटीतून जरा उजेड दिसला की खालून होमगार्ड ओरडायचा. भोंगा झाला की जिन्याखाली जाऊन बसायचं. चाळीतल्या एका काकूंनी त्या पंधरवड्यात जिन्याखालच्या अंधारात एक अख्खा स्वेटर विणला म्हणे, टाके नुसते बोटांनी मोजून. दुसरा भोंगा झाला की सगळे वर जायचे आणि आमटी पुन्हा गरम करायचे.

मला हे सगळं माहीत नव्हतं. वीस वर्षं या घरात आहे, पण कधी विषयच निघाला नव्हता. आणि त्या रात्री पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की टीव्हीवर फक्त पहिलाच भोंगा वाजतो. वरखाली होणारा. मध्ये सिमेंटची जाहिरात येते, केसांच्या तेलाची येते, परत भोंगा सुरू. सरळ सुरातला त्यांच्याकडे नाहीच बहुतेक. तो वाजवला तर लोक उठून जेवायला जातील ना!

सासूबाई त्या रात्री साडेबारापर्यंत खुर्चीतच होत्या. सकाळी बीपी १६०/१००. अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये २०१३ साली बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर तिथल्या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी एक पाहणी केली होती. स्फोटांनंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या बघणाऱ्यांना, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त मानसिक ताण जाणवला होता. वाचलं तेव्हा अतिशयोक्ती वाटली होती. बीपीचं मशीन बघितलं आणि पटलं. सरकारलाही ते पटलं असावं, कारण १० मे ला नागरी संरक्षण खात्याच्या महासंचालनालयाने चॅनलवाल्यांना कळवलं की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नका, लोकांना त्याची सवय होऊन बसेल आणि खरा वाजेल तेव्हा कुणी हलणार नाही. तीनच दिवस आधी, ७ तारखेला, देशभर तोच भोंगा वाजवून रंगीत तालीम झाली होती!

इथवर मी मैत्रिणीच्याच बाजूने बोलतेय असं वाटेल. टीव्ही बंद करा, घर शांत. थांबा जरा.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी सकाळी सातला आमच्या पोळ्यांच्या मावशी आल्या. साताऱ्याकडच्या आहेत, सोसायटीतल्या पाच घरी पोळ्या करतात. एरवी त्यांचा फोन पिशवीत असतो आणि वाजला तरी त्या ढुंकून बघत नाहीत. त्या दिवशी त्यांनी तो काढून कणकेच्या डब्याच्या झाकणावर उभा करून ठेवला. एक पोळी लाटायची, फोनकडे बघायचं. तव्यावर टाकायची, बघायचं. फोन एकदा थरथरला तर हात न पुसता उचलला, कुठल्याशा कर्जाच्या कंपनीचा होता. स्क्रीनवर पिठाची बोटं उमटली ती पदराने पुसली आणि परत तिथेच उभा केला.

त्यांचा धाकटा मुलगा अग्निवीर आहे. जम्मूकडे.

'कुठं हाय म्हून इचारायचं न्हाई म्हणालाय ताई,' त्या म्हणाल्या. 'मी करतो तवाच उचलायचा. तू लावायचा न्हाई.' शेवटचा फोन मंगळवारी आला होता.

मी गार पडले. मुलगा 'नोकरीला लागला' हे त्यांनी पेढे देऊन सांगितलं होतं, मी पेढाही खाल्ला होता. पण तो नेमका कुठे आहे हे कधी विचारलं नव्हतं. आणि आठवलं ते वेगळंच. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली, चार वर्षांची नोकरी, त्यातल्या पंचवीस टक्क्यांनाच पुढे कायम ठेवणार, सुरुवातीला महिना तीस हजार आणि हातात एकवीस. बिहारमध्ये पोरांनी रेल्वेचे डबे जाळले होते. आम्ही सोफ्यावर बसून त्यावर दहा मिनिटं वाद घातला. नवरा म्हणाला, लष्कराचा पेन्शनवरचा खर्च बघ. मी म्हणाले, चार वर्षांनी ही पोरं काय करतील? मग जेवायला बसलो. त्याच ओट्याशी मावशी पोळ्या करत होत्या आणि त्यांचा पोरगा तेव्हा पहाटे उठून सोळाशे मीटर पळायचा सराव करत होता. आमच्यासाठी ती देशाची बातमी होती. त्यांच्यासाठी घरातली.

म्हणून मला त्या 'घरात शांत वाटतं' याच्याशी भांडायचंय. घर म्हणजे कोण? ज्या घरात मी शांत आहे, त्यात मावशी धरायच्या की नाही? सकाळी सव्वा तास त्या आमच्या स्वयंपाकघरात असतात, माझ्या कोणत्याही नातेवाइकापेक्षा मी त्यांना जास्त भेटते. कोणता डबा कुठे ठेवलाय ते माझ्या नवऱ्याला माहीत नाही, त्यांना माहीत आहे. त्यांना धरलं तर आमचं घर त्या आठवड्यात अजिबात शांत नव्हतं. त्यांना वगळलं की लगेच शांत. टीव्हीचा त्यात काडीचाही संबंध नाही.

आणि वगळणं मला चांगलं जमतं, हेही सांगून टाकते.

आणखी एक ८ मे आहे. २०२० चा. टाळेबंदी सुरू होऊन दीड महिना होत आला होता. सोसायटीने कामवाल्यांना फाटकातून आत यायला बंदी केली होती, ठराव एकमताने, मीही हात वर केला होता. मावशींना एप्रिलचा पूर्ण पगार दिला, मे महिन्याचा अर्धा, आणि स्वतःला फार उदार समजत होते. त्या दिवशी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्यातल्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर, भुसावळला जाऊन गाडी मिळेल म्हणून रुळांच्या कडेने चालत निघालेले. गाड्या बंद आहेत म्हणून रुळांवरच टेकले. दुपारपर्यंत तो फोटो सगळीकडे आला. खडीवर पसरलेल्या पोळ्या.

मी तेव्हा स्वयंपाकघरात पोळ्याच करत होते. मावशी नसल्याने रोज सोळा-सतरा मलाच कराव्या लागायच्या, आणि गोल जमायला लागल्याचा मला कोण आनंद झाला होता. आदल्याच दिवशी पोळीचा फोटो टाकला होता इथे फेसबुकवर, 'लॉकडाऊनने काय काय शिकवलं' अशा ओळीसह. तुमच्यातल्या काहींनी लाइकही केला असेल. खडीवरच्या त्या पोळ्या हातावर थापलेल्या, जाडसर, वाटेत टिकाव्यात म्हणून केलेल्या दिसत होत्या. मी माझा फोटो उडवला. नवऱ्याने विचारलं, का गं? मी म्हटलं, काही नाही. आणि संध्याकाळी केक केला, कारण मुलाला कबूल केलं होतं.

त्या केकबद्दल मला आजही नीट ठरवता येत नाही. करायला नको होता असं मी म्हणणार नाही. सात-आठ वर्षांच्या पोराला देशात काय चाललंय म्हणून केक नाही, हे सांगणं बावळटपणाचं झालं असतं. रोजचं रांधणं, धुणं, डबे, अभ्यास हे थांबत नसतं, थांबूही नये, १९७१ मध्येही आमटी परत गरम केलीच जायची. मला खुपतं ते मे महिन्याचा अर्धा पगार. केक बातमीमुळे चुकीचा ठरत नाही. अर्धा पगार बातमी नसती तरी चुकीचाच होता, बातमीने फक्त तो मला दाखवला. तो उरलेला अर्धा मी जुलैत दिला. मावशींनी मोजून ब्लाउजमध्ये ठेवला, काही बोलल्या नाहीत.

परत २०२५ कडे येते. पहलगामला २२ एप्रिलला सव्वीस माणसं मारली गेली, त्यातली सहा आपल्याकडची, डोंबिवली, पनवेल, पुणे. आमच्या ऑफिसातल्या एकीने मे महिन्याचं काश्मीरचं बुकिंग रद्द केलं आणि रिफंड कसा अडकलाय हे ती आठवडाभर सांगत होती. तिच्यावर हसू नका, माणूस हाताला लागेल तेवढंच धरतो. मीही १० मे च्या त्या शनिवारी कुकरची रिंग बदलायला बाजारात गेले होते. हरभऱ्यांचा राग मी रिंगेवर काढला. घरी येते तो संध्याकाळी युद्धविराम झाल्याची बातमी. पाच वाजल्यापासून लागू. काही तासांत पुन्हा स्फोटांच्या बातम्या, पुन्हा लाल पट्ट्या. सासूबाईंनी विचारलं, 'मग संपलं का?' नवरा म्हणाला, 'हो आई, बहुतेक.' 'बहुतेक म्हणजे काय रे?' यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी खुर्ची टीव्हीसमोरून उचलायला लावली आणि गॅलरीत नेऊन ठेवली.

रविवार मावशींच्या सुट्टीचा. एरवी सुट्टीच्या दिवशी मी त्यांना फोन करत नाही. त्या दिवशी तीनदा हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. समजा माझ्याच फोनमुळे त्यांची लाइन व्यग्र राहिली तर? हा विचार वेडगळ आहे हे मला कळत होतं.

सोमवारी बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती. सातला बेल वाजली. मावशींच्या हातात फोन नव्हता, पिशवीत होता. मी दारातच विचारलं.

'आला. काल राती,' त्या म्हणाल्या. 'चाळीस सेकंद.'

'काय म्हणाला?'

'जेवलास का इचारलं. हो म्हणाला. ठेवला.'

आत जाऊन त्यांनी परातीवरचं ताट उचललं, मी मळून ठेवलेल्या कणकेत दोन बोटं रुतवून बघितली, आणि गॅलरीतल्या सासूबाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, 'ताई, कणीक किती सैल केलीया ही!'