फिस्टुलाचा हात जपा ओ
किडनी खराब होत असेल तर डायलिसिससाठी (मशीननं रक्त साफ करायला) फिस्टुला, म्हणजे हातातली धमनी आणि शीर ऑपरेशननं जोडून सुई टोचायला केलेली जागा, वेळेत करून घ्या म्हणतात ते एकदम खरं आहे. आमच्या बाबांचं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) वाढत होतं तरी आम्ही पुढं ढकलत बसलो, शेवटी घाईत मानेत कॅथेटर (नळी) घालून डायलिसिस चालू केलं आणि महिन्याभरात थंडी वाजून ताप, इन्फेक्शन रक्तात गेलेलं, लई हाल झाले ओ. मग डाव्या हाताला फिस्टुला केला, शीर फुगून सुईजोगी व्हायला 2 महिने गेले. आता खानापूरहून बेळगावला डायलिसिससाठी आठवड्यातनं 3 खेपा. रोज सकाळी फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर लागते का बघतो, लागली नाही तर तसंच दवाखाना गाठायचा. त्या हाताला बीपी, सलाईन, रक्त काढणं काहीच करू देऊ नका, सिस्टरला कन्नडमधनं सांगा, ई कैगे बेडा (या हाताला नको) म्हणून.